लहान मंडळीचा पाळक, रोजची सेवा आणि मतभेदातलं सौजन्य

लहानमंडळी :

सर्वांना सलाम.

मी एका लहान मंडळीचा, म्हणजे छोट्या चर्चचा, पाळक आहे. रविवारी कोण आलं नाही हे आमच्याकडे मोजावं लागत नाही. बाकावरची जागा रिकामी दिसली की ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांना कारणही ठाऊक असतं. मला त्या कारणाबद्दल लिहायचं आहे.

पाळकाचं काम म्हणजे रविवारचा संदेश, असं बाहेरून वाटतं. संदेशाची तयारी मोठी असतेच, पण आठवड्यातला बराच वेळ माणसांकडे जातो. दवाखान्यातल्या भेटी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजींना घरी जाऊन प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) देणं, लग्न ठरलेल्या जोडप्याशी बोलणं, बाप्तिस्म्याची तयारी, नोकरी गेलेल्या माणसाजवळ नुसतं बसणं, मध्यरात्री आलेला फोन. दफनविधी असतो, आणि त्यानंतरच्या आठवड्यांतल्या भेटी असतात, जेव्हा बाकीचे पाहुणे निघून गेलेले असतात. मधल्या वेळात छत गळतंय का, वीजबिल भरलं का, शब्बाथशाळेला शिक्षक मिळाला का, हेही बघायचं. लहान मंडळीत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस नसतो.

या भेटींमधून मला एक गोष्ट सतत दिसते. माणसं मंडळी सोडतात ती सिद्धान्तावरून क्वचितच. वार्षिक सभेत हिशेबावरून कोणी बोचरं बोललं. गायकवृंदातून न विचारता नाव कमी झालं. किल्ली कोणाकडे राहायची यावरून दोन घरांत अबोला झाला. ग्रुपवर वडिलांच्या आजारपणाचा निरोप टाकला आणि ज्याच्याकडून अपेक्षा होती त्याने एक शब्द लिहिला नाही. मोठ्या मंडळीत अशी दोन माणसं वेगवेगळ्या उपासनांना येऊन वर्षानुवर्षं एकमेकांना टाळू शकतात. आमच्याकडे उपासना एक, दार एक, आणि प्रभुभोजनाच्या रांगेत नेमकी तीच दोघं मागेपुढे. पाळकालाही सुटका नाही. सभेत ज्यांनी माझ्या प्रस्तावाला कडाडून विरोध केला, त्यांच्या आईच्या कबरेपाशी वचन वाचायला मीच उभा असतो. लहान मंडळीचं हे मला फार मोठं देणं वाटतं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासोबत राहायला इथे शिकावंच लागतं.

गोड बोलण्याला सौजन्य म्हणायचं असेल, तर ते आमच्याकडे भरपूर आहे. दारात हस्तांदोलन होतं, ‘प्रभूची स्तुती असो’ म्हटलं जातं, आणि खरं बोलणं घरी जाताना वाटेत होतं, ज्याच्याबद्दल आहे तो सोबत नसताना. मी ज्या सौजन्यासाठी धडपडतो ते असं: मतभेद ज्याच्याशी आहे त्याच्यासमोर मांडायचा, आणि त्याला उत्तर द्यायला जागा ठेवायची. बायबलमध्ये मत्तय 18:15 मध्ये येशू तेच सांगतो. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल. मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी मंडळीला कुणकुण लागते, मग दोन-तीन जणांना तपशील कळतो, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सर्वांत शेवटी, तेही भलत्याच रूपात.

म्हणून मी एक रीत पाळतो. तक्रार घेऊन कोणी आलं तर पूर्ण ऐकतो. मग विचारतो, ‘हे त्यांना सांगितलंत का?’ बहुधा सांगितलेलं नसतं. ‘मी तुमचा निरोप पोचवणार नाही, पण तुमच्याबरोबर येईन. कधी जाऊ या?’ काही जण तिथेच म्हणतात, राहू द्या, एवढं काही नाही. बोलून टाकल्यानेच मन हलकं झालेलं असतं. काही जण रागावतात, कारण त्यांना पाळक आपल्या बाजूला हवा असतो. आणि काही जण खरंच निघतात. अशा बैठकीत मी फार बोलत नाही. एकाने जे ऐकलं ते त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. याला वेळ लागतो. कधी तीनदा, चारदा बसावं लागतं.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोघींच्या वादाचा उल्लेख येतो. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार हे पौलाला ठाऊक होतं, म्हणजे त्या दोघीही समोर बसलेल्या असणार. वाद कशावरून होता ते तो लिहीत नाही. कोण चुकलं तेही लिहीत नाही. ‘विनंती करतो’ हे मात्र दोघींना वेगवेगळं म्हणतो, एकदा हिला, एकदा तिला. लगेच एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो, आणि या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर श्रम केलेत हेही सगळ्यांच्या देखत नमूद करतो. भांडणाच्या वेळी माणसाची जुनी सेवा मोठ्याने आठवून देणं, हे मी त्या दोन वचनांतून शिकलो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी भेटी आहेत. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर इथे रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक होता. 1656 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय, की 800 हून अधिक कुटुंबांसाठी तो आणि त्याचा सहकारी दर सोमवारी आणि मंगळवारी सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत बसत, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी बोलत, म्हणजे वर्षभरात सगळी घरं व्हायची. भांडणाच्या दिवशी पहिल्यांदा घरी आलेल्या पाळकाचं कोण ऐकेल? त्या घरातलं दुखणंखुपणं आधीपासून माहीत असेल तरच कुठला शब्द कुणाला झेपेल हे कळतं. पोप पहिला ग्रेगरी याने सुमारे 590 मध्ये पाळकांसाठी लिहिताना माणसांच्या जोड्याच लावल्या होत्या: गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, गप्प राहणारे आणि फार बोलणारे. एकाला बरं करणारा उपदेश दुसऱ्याला इजा करतो, असं त्याचं म्हणणं.

तुमच्या मंडळीत मतभेद कसे हाताळले जातात? पाळक, पंच, सभासद, आणि मंडळीबाहेरच्या वाचकांनीही लिहावं.

सभावृत्तांत :

पाळकसाहेब, सलाम. मी आमच्या पंचमंडळाचा सचिव आहे. भेटींबद्दल लिहिलंत ते पटलं, पण ठिणगी पडते ती सभेत. आणि सभा नीट चालवणं हीसुद्धा सेवाच आहे, हे अजून आपल्या लोकांना पटत नाही. ‘आपण देवाची माणसं, आपल्याला नियम कशाला’ असं म्हणणाऱ्यांच्याच सभा सर्वांत आधी फिसकटतात.

हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी सैन्यातला इंजिनियर. 1863 मध्ये न्यू बेडफर्ड इथल्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरलेल्या सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं आणि सभा त्याला आवरली नाही. मग त्याने सभा कशा चालवतात याचा अभ्यास केला आणि 1876 मध्ये नियमांचं पुस्तक छापलं, जे आजही जगभर वापरतात. त्यातल्या दोन गोष्टी आम्ही कसोशीने पाळतो. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, एकमेकांना नाही. आणि बोलायचं ते प्रस्तावावर, माणसाच्या हेतूवर नाही. ‘या खर्चाची पावती दिसत नाही’ हे चालतं. ‘तुम्हाला पावती दाखवायचीच नाही’ हे चालत नाही, अध्यक्ष तिथेच थांबवतात.

तिसरी गोष्ट आम्ही संत बेनेडिक्टकडून घेतली. सहाव्या शतकात त्याने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, की महत्त्वाचा विषय असेल तेव्हा सगळ्या बंधूंना बोलवावं, कारण योग्य ते काय हे देव अनेकदा सर्वांत धाकट्याला उमगू देतो. आमच्याकडे आता युवक संघाचा प्रतिनिधी आधी बोलतो, ज्येष्ठ पंच शेवटी. पूर्वी ज्येष्ठ आधी बोलले की तरुण गप्प व्हायचे, कारण नंतर वेगळं बोलणं म्हणजे उलट उत्तर देणं वाटायचं.

इतिवृत्तात मी विशेषणं लिहीत नाही. ‘संतापून म्हणाले’ असं एकदा वहीत उतरलं की ते त्या माणसाला कायमचं चिकटतं. पुढच्या पिढीतलं कोणी वही उघडतं आणि आजोबांबद्दल तेवढंच वाचतं.

निळी_शाई :

मी ख्रिस्ती नाही. धागा आवडला म्हणून लिहिते, पण एक शंका आहे आणि ती स्पष्ट मांडते. सौजन्याची मागणी नेहमी खालच्या माणसाकडेच का होते? ज्याच्या हातात अधिकार आहे तो अगदी शांत आवाजात अन्याय करू शकतो. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचा आवाज चढला, की असभ्य तोच ठरतो. मग सगळी चर्चा त्याच्या आवाजाबद्दल होते आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. हे मी संस्थांमध्ये पाहिलंय, घरांमध्ये पाहिलंय. मंडळीत वेगळं असतं का?

लहानमंडळी :

निळी_शाई, वेगळं नसतं. म्हणूनच तुमचा प्रश्न या धाग्यावर यायलाच हवा होता.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी, म्हणजे मंडळीच्या पहिल्या पुढाऱ्यांनी, त्यांना ‘नीट भाषेत सांगा’ असं म्हटलं नाही. तक्रार ऐकली, सगळ्यांना बोलावलं आणि वाटपाची व्यवस्था बदलली. त्यासाठी स्तेफन, फिलिप्प धरून जे सात जण निवडले, त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, बहुधा त्याच बाजूच्या हाती वाटप सोपवलं गेलं. चढलेल्या आवाजाला मंडळीने द्यायचं उत्तर मला असं दिसतं. आवाज कशाने चढला ते आधी बघायचं. सौजन्याचं पहिलं ओझं ज्याच्याकडे किल्ल्या आहेत त्याच्यावर, म्हणजे आधी माझ्यावर, मग पंचांवर.

अजून एक. डिट्रिच बॉनहोफर या जर्मन पाळकाने 1935 पासून फिंकेनवाल्ड इथे पाळकांना शिकवलं. तिथे एक नियम होता: सोबत्याबद्दल तो हजर नसताना बोलायचं नाही, आणि बोलणं झालंच तर ते त्याला जाऊन सांगायचं. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते विद्यालय बंद केलं. पुढे नाझी राजवटीविरुद्धच्या कटात सामील असल्यामुळे 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत बॉनहोफरला फाशी दिलं. सोबत्याच्या पाठीमागे न बोलणारा हा माणूस जुलमापुढे गप्प बसणारा नव्हता. त्याच्याकडे पाहिलं, की या दोन गोष्टी एकाच मुळातून येतात असं मला वाटतं.

अंगणातली_जाई :

मी पाळकाची पत्नी. पाळकसाहेबांनी तक्रार ऐकायची रीत सांगितली, पण बऱ्याच तक्रारी त्यांच्यापर्यंत जातच नाहीत, त्या आमच्याकडे येतात. ‘पाळकबाई, तुमच्या कानावर घालून ठेवते’ अशी सुरुवात होते. ऐकून घेतलं आणि घरी सांगितलं तर मी चहाडी केली. नाही सांगितलं तर मी लपवलं. म्हणून मी तिथल्या तिथे विचारते, ‘मी त्यांना तुमचं नाव घेऊन सांगू, की तुम्हीच सांगाल?’ नाव न घेता सांगा, हा पर्याय मी ठेवत नाही. बिननावाची तक्रार घरात आली, की पाळक रविवारी प्रत्येक चेहऱ्यात ती शोधत बसतो. माझ्या नवऱ्याचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे चुगली प्रार्थनेचे कपडे घालून येते. ‘बहिणींनो, अमुक घरासाठी प्रार्थना करा, मुलाचं आणि सुनेचं बिनसलंय.’ सांगणारीचा हेतू चांगलाही असतो. पण अशाच एका निरोपानंतर एका आईला आपल्या घरातली गोष्ट चार अनोळखी बायकांच्या तोंडून ऐकावी लागली आणि ती कित्येक महिने उपासनेला आली नाही. आता महिला मंडळात नाव घेऊन प्रार्थनेचा विषय मांडायचा तर त्या व्यक्तीची परवानगी लागते. परवानगी नसेल तर नाव न घेता, ओळख पटेल असं काहीही न सांगता प्रार्थना. देवाला नाव सांगायची गरज नाही, त्याला ठाऊक आहे. सुरुवातीला बायका नाराज होत्या. पण आता स्वतःच्या घरातलं खरं दुखणं मांडणाऱ्या वाढल्यात, कारण ते बाहेर जाणार नाही याची खात्री वाटते.

सरळरेघ :

मला या धाग्यातला सूर काळजीचा वाटतो. सगळे मिळून सौजन्याला एवढं उंच बसवताहेत, की सत्याला जागा उरणार नाही. मत्तय 23 मध्ये येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, चुना लावलेल्या कबरा म्हणतो. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकतो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल येशूच्या शिष्याला, पेत्राला, सगळ्यांसमोर सुनावतो. हे कुठल्या सौजन्यात बसतं? पाळक ‘शांततेने घ्या’ म्हणत राहतात आणि चुकीची गोष्ट मंडळीत मुरत जाते. मी कठोर बोलतो, पण तोंडावर बोलतो.

जुना_सोबती :

सरळरेघ, मी निवृत्त पाळक आहे. तुमच्या बोलण्यातला कळकळीचा भाग मला मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

गलती 2:11 पुन्हा वाचा. पौल म्हणतो, मी त्याला तोंडावर विरोध केला. पाठीमागे पत्रं पाठवून अंत्युखियात, जिथे हे घडलं त्या शहरात, गट बांधले नाहीत. सगळ्यांसमोर बोलला, कारण पेत्राचं वागणंही सगळ्यांसमोर होतं आणि त्या वागण्याने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना पंगतीतून दूर केलं जात होतं. जिथे इजा उघड होती तिथे विरोधही उघड झाला. लहानमंडळी जे सांगताहेत त्याच्याशी हे जुळतं. मत्तय 23 बद्दल एवढंच म्हणेन, की ते शब्द लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादणाऱ्या पुढाऱ्यांसाठी होते. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशूचा सूर काय होता तेही पाहा. त्याने तिच्या आयुष्यातलं सत्य टाळलं नाही आणि तिला लाजही आणली नाही.

आता इतिहासातलं. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे इंग्लंडमधले दोन उपदेशक, जुने सोबती. पूर्वनियोजनाच्या सिद्धान्तावरून (कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय, हे मत) 1740 च्या सुमारास त्यांच्यात उघड फूट पडली. छापील प्रवचनं आणि जाहीर उत्तरं, सगळं झालं. मत दोघांनीही बदललं नाही. पण 30 सप्टेंबर 1770 ला व्हाइटफील्ड वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे लंडनमधलं स्मृतिप्रवचन 18 नोव्हेंबरला वेस्लीने केलं. आपल्या अंत्यविधीला कोणी बोलावं असा प्रश्न आला, तेव्हा माणसाला आपला सर्वांत जाहीर विरोधक आठवला. त्यांच्या वादात सत्य बोथट झालं होतं असं कोणी म्हणू शकत नाही.

सरळरेघ :

उघड इजेला उघड विरोध, हे मान्य. तरी एक मुद्दा राहतो. कधी कधी पटतच नाही आणि वेगळं व्हावं लागतं. त्यालाही आपण लगेच असौजन्य म्हणतो.

लहानमंडळी :

नाही म्हणू नये. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये मार्क नावाच्या सहकाऱ्याला सोबत घ्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते लपवलं नाही आणि कोणाला दोषही दिला नाही. पुढे पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्कबद्दल लिहिलंय, की त्याला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. वेगळं होताना परतीचं दार लावून घेतलं नव्हतं, एवढं त्यावरून दिसतं. माझ्या मंडळीतून कोणी दुसऱ्या मंडळीत जायचं ठरवलं, तर मी त्यांच्यासाठी तिथल्या पाळकांना पत्र देतो आणि शेवटच्या रविवारी उपासनेत त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करतो, अर्थात त्यांना विचारून. न सांगता निघून जाणाऱ्यांची जखम दोन्हीकडे जास्त दिवस ओली राहते.

रात्रपाळी :

मी नर्स आहे. दवाखान्यात भेटीला येणारे पाळक मी खूप पाहिलेत, त्यावरून थोडंसं. जे चांगले असतात ते खाटेजवळ उभे राहून बोलत नाहीत, खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसतात. ‘प्रार्थना करू का?’ असं विचारतात आणि नको म्हटलं तर खरोखर करत नाहीत. नातेवाइकांच्या गर्दीत आधी रुग्णाशी बोलतात. ज्या दोन भावांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे ते दोघंही तिथे असतील, तर दोघांनाही सारखाच वेळ देतात. मंडळीतल्या वादाचा विषय त्या खोलीत काढत नाहीत. एवढं जमलं तरी रुग्णाला किती बरं वाटतं ते आम्हाला दिसतं.

आता_बोलते :

मत्तय 18 बद्दल लिहायला धीर गोळा करावा लागला. तेच वचन माझ्यावर वापरलं गेलं. मी लहान होते. मंडळीतल्या एका जबाबदार माणसाने माझ्याशी जे केलं ते मी सांगितलं, तेव्हा मला म्हटलं गेलं, ‘आधी त्यांच्याशी एकांतात बोल. शास्त्रात तसं आहे.’ ज्याची भीती वाटते त्याच्यासोबत एकटीने खोलीत बसायचं. मग क्षमा कर. मग मंडळीची बदनामी करू नको. सगळे अत्यंत सौम्यपणे बोलत होते. पाळकसाहेब, तुमची रीत चांगली आहे, पण ‘त्यांना सांगितलंत का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा नसतो. हे तुम्ही इथे स्पष्ट लिहावं अशी माझी मागणी आहे.

लहानमंडळी :

ताई, तुम्ही लिहिलंत यासाठी मी आभारी आहे, आणि तुमची मागणी योग्य आहे. म्हणून स्पष्ट लिहितो.

मुलांचा किंवा कोणाचाही लैंगिक छळ, घरातली मारहाण, धमकी, पैशाची अफरातफर, यांना ‘दोघंच असताना बोल’ हे वचन लावायचं नाही. हे दोन बरोबरीच्या भावांमधले अपराध नाहीत, इथे एकाच्या हातात बळ आहे. मत्तय 18 चीच सुरुवात पाहा. पंधराव्या वचनाच्या आधी सहावं येतं, आणि त्यात लहानांना अडखळवणाऱ्यासाठी गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याचे शब्द आहेत. ते वगळून पुढचं वाचणं म्हणजे वचनाचा गैरवापर आहे.

अशी गोष्ट पाळकाच्या कानावर आली, तर सांगणाऱ्याला समोरासमोर बसवायचं नाही. पुरावे मागत स्वतः तपास करायचा नाही, ते काम पोलिसांचं आहे. जिथला जो कायदा असेल त्याप्रमाणे लगेच कळवायचं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला मुलांपासून आणि जबाबदारीपासून त्याच दिवशी दूर करायचं. क्षमेचा विषय आपण काढायचा नाही. लहान मंडळीत धोका जास्त असतो, कारण तो माणूस कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी सासरा असतो, आणि मंडळीची शांतता सगळ्यांना प्यारी असते. सांगणाऱ्या मुलीच्या बाजूला कोण बसणार हे अशा वेळी पाळकाने सगळ्यांच्या आधी ठरवायला हवं.

अंगणातली_जाई :

ताई, तुम्ही एकट्या नाही. बोलावंसं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप करा. घाई नाही.

निळी_शाई :

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता मिळालं. धन्यवाद, आता_बोलते.

पहिलं_मत :

विषय थोडा बदलतो. आमच्या युवक संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निवडणुकीच्या काळात फुटला. ज्यांच्याबरोबर लहानपणापासून गीतं म्हटली, ते एकमेकांना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणत होते. आता निवडणूक संपली, पण रविवारी दोन कोंडाळी वेगवेगळी उभी असतात. पाळकांनी अशा वेळी काय करायचं असतं? आमचे पाळक काहीच बोलले नाहीत.

जुना_सोबती :

बाळा, वेस्लीच्या रोजनिशीत 6 ऑक्टोबर 1774 ची नोंद आहे. निवडणूक तोंडावर होती. मताधिकार असलेल्या आपल्या सभासदांना भेटून त्याने तीन गोष्टी सांगितल्या. जो सर्वांत लायक वाटतो त्याला, काहीही मोबदला न घेता मत द्या. ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका. आणि ज्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं त्यांच्याविषयी आपलं मन धारदार होऊ देऊ नका. कोणाला मत द्या हे त्याने त्या नोंदीत लिहिलेलं नाही. पाळकाने बोलायचं ते एवढं, आणि निवडणुकीच्या आधी. नंतर बोललं तर हरलेल्या बाजूला ते टोमण्यासारखं लागतं.

लहानमंडळी :

यात ग्रुपपुरती भर घालतो. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर सूचना आणि परवानगी घेतलेले प्रार्थनेचे विषय एवढंच येतं. वाद सुरू झालाय असं दिसलं, की मी ग्रुपवर लिहीत नाही, दोघांनाही वेगवेगळा फोन करतो. लिहिलेल्या वाक्यात आवाज नसतो, वाचणारा आपल्या मनःस्थितीचा आवाज त्याला लावतो. आणि तुमच्या दोन कोंडाळ्यांबद्दल: त्यांना एकत्र बसवून चर्चा ठेवू नका. एखादं काम द्या, ज्याला दोन्हीकडची माणसं लागतील. आजारी सभासदांच्या घरी भेटीला जाताना जोड्या तुम्हीच लावा. दुसऱ्याच्या दुखण्यापाशी शेजारी बसलेली माणसं परत येताना काहीतरी बोलतातच.

पहिलं_मत :

जोड्या लावण्याचं करता येईल. या रविवारी युवक संघाच्या सचिवांशी बोलतो.

सभावृत्तांत :

पाळकसाहेब, माझा एक व्यवहारातला प्रश्न. मागच्या वार्षिक सभेनंतर एक कुटुंब येत नाही. पंचांनी मला भेटीला जायला सांगितलंय. सभेचं इतिवृत्त मीच लिहिलंय, त्यामुळे मी गेलो तर हिशेब मागायला आलो असं त्यांना वाटेल का?

लहानमंडळी :

वाटू शकतं. आधी फोन करा, अचानक जाऊ नका. ‘भेटायला येऊ का, सभेचं काही नाही’ असं सांगा आणि मग खरंच सभेचं काढू नका. ‘परत या’ असं पहिल्या भेटीत म्हणू नका. त्यांनी सभेचा विषय काढला तर ऐका, बचाव करू नका, इतिवृत्तात काय लिहिलंय ते सांगू नका. निघताना पुन्हा येऊ का एवढं विचारा. वही घरी ठेवा.

अंगणातली_जाई :

आणि वहिनींना सोबत न्या. घरातल्या बायकांना काय लागलंय ते पुरुषांच्या बोलण्यात येत नाही.

सभावृत्तांत :

ठीक आहे, दोघं जातो. आज संध्याकाळी फोन करतो.